दिवे उजवीकडे वळवण्याबाबत

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.३०

ऑफिसने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. दहा महिने कोरे गेले. वाईट वाटतं, पण उरलेले दोन महिने बारीक अक्षरात लिहिलं तर भरून निघेल. नियम एकच: इथे खोटं लिहायचं नाही. एखादी गोष्ट लिहायची राहून गेली, तर ते खोटं धरलं जाणार नाही.

चौदा तारखेला आम्ही तिघं, आई-अण्णा आणि मी, ताईकडे जाणार. ती पाण्यापलीकडच्या देशात राहते, फेरीबोटीने दोन तास. नवीन घर घेतलं आहे. गाडी अण्णा चालवणार.

अण्णांनी एकतीस वर्षं बेकरीची गाडी चालवली. पहाटेच्या अंधारात, रोज, एकही ओरखडा नाही. त्यांना अंक येतात, अक्षरं येत नाहीत. सही येते, ती मी चौथीत असताना शिकवली. घरात कागद माझ्याकडे आणि स्टीअरिंग त्यांच्याकडे, ही वाटणी तेव्हापासूनची. ते मला मास्तरीणबाई म्हणतात. कौतुकाने.

आणखी एक. शाळेच्या मिनीबसवर चालक हवा आहे. अर्ज अठ्ठावीसपर्यंत, पण योग्य माणूस आधी मिळाला तर जागा आधीच भरतील. अण्णांना ही नोकरी हवी आहे. तसं ते बोलले नाहीत, पण रविवारी त्यांनी काही कारण नसताना बूट पॉलिश केले.

५ नोव्हेंबर, बुधवार. रात्री ८.००

मोठी गोष्ट लक्षात आली आणि ती घरात फक्त माझ्याच लक्षात आली. पलीकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात! आपल्या गाडीच्या दिव्याचा झोत डावीकडे जरा वर चढवलेला असतो, कडेचा माणूस, खांब, कुत्रा दिसावा म्हणून. पलीकडे डावीकडून समोरच्या गाड्या येणार. म्हणजे आमचा झोत थेट त्यांच्या डोळ्यांत. उपाय: दिव्यांच्या काचांवर पारदर्शक पट्ट्या चिकटवायच्या, त्या झोत उजवीकडे वळवतात. मागवल्या.

जेवताना सगळ्यांना टॉर्च घेऊन समजावलं. मीठदाणी म्हणजे समोरून येणारी गाडी. आई म्हणाली, टॉर्च आमटीत पडेल. अण्णा म्हणाले की बेकरीत असताना ते दोन-तीनदा पलीकडे गेले होते आणि तेव्हा दिव्याच्या मागे... मी म्हटलं, अण्णा, आधी माझं पूर्ण होऊ दे. त्यांनी होऊ दिलं. नंतर त्यांचं विचारायचं राहिलं. जेवण झालं होतं.

डोकं दुखतंय. जबाबदारीने दुखतं.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४.१५

पट्ट्या आल्या. सोबत सात कलमांचं माहितीपत्रक, नीट छापलेलं. ऑफिसात मी विम्याचे अर्ज तपासते, त्यामुळे कागद कसा वाचावा हे मला कोणी शिकवायला नको. कलम एक: दिव्याच्या आत दिशा बदलण्याचा खटका असल्यास पट्ट्या लावू नयेत. आपली गाडी चौदा वर्षांची, बेकरीने विकायला काढलेली. तिच्यात कसला आलाय खटका. बरोबरची खूण केली.

कलम दोन ते सहा: काच धुणे, पुसणे, मधला बिंदू काढणे, पट्टी तिरकी धरणे, हवेचे बुडबुडे घालवणे. तीन तास लागले. फूटपट्टी, दोरा, मेणाची पेन्सिल. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कुंपणाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, गाडीला काजळ घालतेस का गं? मी हसले नाही. सुरक्षितता हा हसण्याचा विषय नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.००

अण्णा बॉनेट उघडून आत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. दहा मिनिटं. काय करताय विचारलं तर म्हणाले, काही नाही, दिव्यांचं जरा बघत होतो. मी म्हटलं, दिव्यांचं झालं. ते म्हणाले, माझंही झालं. मी जरा ताठ आवाजात सांगितलं की पट्ट्यांना हात लावू नका, अर्ध्या सेंटिमीटरने सगळं बिघडतं. त्यावर म्हणाले, काचेला बोटसुद्धा लावलं नाही, मास्तरीणबाई.

आवाज ताठ झाल्याबद्दल वाईट वाटलं. संकल्प: अण्णांशी बोलताना आवाज सैल ठेवणे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ३.५०, बोटीवर

डॅशबोर्डवर कागद चिकटवला आहे. मोठा बाण: उजवीकडे. अण्णा म्हणाले, बाण मला वाचता येतो, बरं झालं. सगळे हसले. मी जरा उशिरा हसले.

कामाची वाटणी: अण्णा गाडी, मी बोर्ड, आई डबा. पाच वाजता उतरणार. अंधार साडेपाचला. सगळं कागदाप्रमाणे आहे.

१४ नोव्हेंबर. रात्री ८.३०, ताईचं घर

पोचलो. घाईत लिहितेय, अक्षराबद्दल माफी. कोणाची माफी मागतेय माहीत नाही.

पहिली वीस मिनिटं उजेड होता, छान झालं. अंधार पडल्यावर अण्णा हळू चालवायला लागले. मग फार हळू. मग एका ट्रॅक्टरने आम्हाला ओव्हरटेक केलं. झाडं मात्र अप्रतिम दिसत होती. उजवीकडचं पानन् पान. एका घराच्या वरच्या मजल्यावर बनियनमधले गृहस्थ उभे होते, त्यांच्या बनियनची शिवणसुद्धा दिसली. त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि पडदा ओढला. समोरून येणाऱ्या एकाही गाडीला आमचा त्रास झाला नाही. म्हणजे पट्ट्यांनी काम केलं! हे मी मोठ्याने म्हटलं. अण्णा म्हणाले, हो, पण रस्ता कुठाय?

बोर्ड दोनदा चुकले. इथे बोर्डांना पातळ रंग देतात, जवळ येईपर्यंत काही कळत नाही. अण्णांनी दोन्ही वेळा गाडी वळवून आणली.

मग ताईच्या फाटकात आत वळताना डावा खांब. ठण्ण. आरसा गेला, दारावर हातभर ओरखडा. अण्णा खाली उतरले, खांबाला हात लावून उभे राहिले. म्हणाले, दिसलाच नाही. तीनदा म्हणाले. भावोजी म्हणाले की, असू द्या हो अण्णा, खांब नवीन आहे, त्यालाही सवय नाही. कोणी हसलं नाही.

एकतीस वर्षांत पहिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.००

झोप लागली नाही. विचार केला. पट्ट्या बरोबर. कागद बरोबर. रस्ता बरोबर. मग उरलं काय? ऑफिसात तक्ता आहे: साठीनंतरचे चालक, अंधारातले अपघात. अण्णा एकसष्ट. दिवसा ठीक, अंधारात नाही. ह्याला रातांधळेपणा म्हणतात.

लिहिताना वाईट वाटतंय. पण कोणीतरी स्पष्ट बघायलाच हवं.

१५ नोव्हेंबर. दुपारी २.००

ताईला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. ती भडकली. म्हणाली, तुला कोणी डॉक्टर केलं? अण्णांना दोन शेतांपलीकडची गाय गाभण आहे की नाही ते कळतं. मी म्हटलं, गाय दिवसा बघतात. ती म्हणाली, तू लहानपणापासून अशीच, सगळ्यांना तपासतेस. मी म्हटलं, कारण मला काळजी आहे. ती कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांत पाणी कशाचं ते ठरवता आलं नाही.

पुरावे गोळा करते आहे. अण्णांनी साखरेऐवजी मिठाचा डबा उचलला (डबे सारखेच आहेत, पण नोंद). दुपारी त्यांना अंगणाच्या टोकाला उभं करून बोटं किती विचारलं. म्हणाले, तीन, आणि करंगळीचं नख तुटलंय. नख खरंच तुटलंय. दिवसाचा उजेड होता, म्हणून हा पुरावा धरता येत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६.४५

अण्णा दूध आणायला गाडी घेऊन निघाले. मी सोबत बसले, निरीक्षणासाठी. कोपऱ्यावर परत तेच. झाडं लखलखीत, रस्ता काळा. अर्ध्या वाटेत त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही तळव्यांनी डोळे चोळले. म्हणाले, मास्तरीणबाई, मला वाटतं माझंच काहीतरी झालंय. मी म्हटलं, अण्णा, वय असतं. किती समजूतदारपणे म्हटलं मी!

दूध चालत जाऊन आणलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १.००, बोटीवर

सकाळच्या उजेडात निघालो. अण्णांनी गाडी पाण्यासारखी चालवली. ह्याने माझं म्हणणं सिद्धच होतं.

बोटीवर कलम सातप्रमाणे कोमट फडक्याने पट्ट्या काढल्या. गोंदाचे डाग राहिले. अण्णांनी परत बॉनेट उघडून हात घातला. मी घालू दिला. म्हाताऱ्या माणसाला हाताला काम हवं असतं.

घरी गेल्यावरचा नियम सांगितला: चारनंतर गाडी नाही. अण्णा म्हणाले, बरं. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी डब्याचं झाकण लावत बसले. दोनदा लावलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७.००

शाळेच्या बसचा अर्ज भरला. प्रश्न नऊ: अर्जदाराच्या दृष्टीबद्दल कुटुंबातील कोणाला शंका आहे का? हो / नाही.

एक तास बसले. लहान मुलं बसमध्ये असणार. हिवाळ्यात शाळा सुटते तेव्हा अंधार असतो. रोज ऑफिसात मी लोकांचे खोटे 'नाही' पकडते. स्वतःच्या बापासाठी वेगळा नियम? 'हो'वर खूण केली. पेन जड गेलं.

अण्णांनी विचारलं, काय काय लिहिलंस, वाच. वाचून दाखवलं. नववा सोडून. वाचलं नाही म्हणजे खोटं वाचलं असं नव्हे. त्यांनी जीभ दाताखाली धरून, सावकाश, सुंदर सही केली.

संकल्प: प्रश्न नऊबद्दल योग्य वेळी बोलणे. अर्ज उद्या शाळेत देणार, डोळ्यांचा दाखला नंतर जोडू देतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६.००

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. काउंटरवर माझ्या कॉलेजातली मुलगी, माझ्या नोट्स घेऊन पास झालेली. तिने ओळखलं. अगं तू! आणि हे बाबा का? अण्णांनी टोपी काढली.

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. समोर तक्ता, वर एक मोठं अक्षर, खाली लहान लहान होत जाणारी. डॉक्टरांनी शेवटची ओळ वाचायला सांगितली. अण्णा म्हणाले, नाही. त्याच्या वरची? नाही. त्याच्या वरची? अण्णांनी हातातली टोपी फिरवली. सगळ्यात वरचं, एवढं मोठं, ते तरी?

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

मी दारातून बाहेरच्या खोलीतल्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यावर धबधबा होता.

अण्णा म्हणाले, नाही दिसत. डॉक्टर हं म्हणाले आणि खूप वेळ लिहीत राहिले. बाहेर मैत्रीण हळू आवाजात म्हणाली, बिचारे.

माझी शंका खरी ठरली, असं म्हणता येईल.

२० नोव्हेंबर. रात्री ९.००

कॉलेजच्या फॉर्ममध्ये 'वडिलांचं शिक्षण' ह्या रकान्यात मी 'शालेय' लिहिलं होतं. ते पूर्ण खोटं नव्हतं. ते शाळेत रोज पाव द्यायला जायचे. ह्याच, मिनीबसच्या शाळेत.

हे आज का आठवलं कोणास ठाऊक.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ८.१०

गाडीच्या किल्ल्या माझ्या खोलीतल्या खिळ्याला टांगलेल्या सापडल्या. त्यांनीच आणून ठेवल्या. मला गाडी येत नाही. शिकायचा संकल्प चार वर्षं जुना आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२.३०

आई कपडे वाळत घालता घालता बोलली. म्हणाली, तुझे अण्णा सांगत होते, तो तक्ता तर लख्ख दिसत होता. सगळ्यात वरती एक वाकडा आकडा, शेजारी काठी, दोघांच्या डोक्यावर पत्रा. पण त्याला म्हणतात काय ते कसं सांगणार? पोरीच्या ओळखीचं माणूस बाहेर बसलेलं. दिसत नाही म्हटलं की सुटलो.

आकडा, काठी, पत्रा. ग.

मी म्हटलं, ह्याचा रातांधळेपणाशी थेट संबंध नाही. आई म्हणाली, काय? मी म्हटलं, काही नाही. चिमटे देऊ का?

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १.००

गोंदाचे डाग काढायला गॅरेजवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडून दिव्याचं मागचं झाकण फिरवलं आणि सहज म्हणाले, खटका परत आपल्याकडच्या बाजूला आणलाय का बघतो.

मी विचारलं, कोणता खटका.

म्हणाले, हा काय. दिवा डावीकडचा उजवीकडे करायचा. बेकरीच्या सगळ्या गाड्यांना आहे. तुझे अण्णा बोटीवर डोळे मिटून फिरवायचे. मग ह्या पट्ट्या कशाला?

सगळं सांगितलं. झाडं, बनियन, खांब. काका गाडीच्या पुढच्या भागावर आडवे होऊन हसले. म्हणाले, अगं, अण्णांनी दिव्याची मान उजवीकडे वळवली आणि त्यावर तू आणखी उजवीकडे बघणारा चष्मा चढवलास! उजेड गेला शेतात. रस्ता दिसणार कसा? त्यांनी गाडी आणली कशी तेच नवल. शिकलेल्या माणसाची कमालच असते बुवा.

डाग निघाले नाहीत. पूर्ण नाहीत.

२३ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.३०

पट्ट्यांच्या कंपनीला पत्र लिहायला घेतलं. कलम एक अधिक ठळक अक्षरात छापणे आवश्यक होते. माहितीपत्रक पुन्हा काढून बघितलं. ते सगळ्यात ठळक अक्षरात आहे. त्याच्यापुढे माझी बरोबरची खूण. तीही ठळक.

पत्र फाडलं.

अण्णांनीही सांगायला हवं होतं, नाही का? दोघांची अर्धी-अर्धी चूक धरली तर... ते सांगत होते. पाच तारखेला. आमटीच्या वेळी.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.२०

आज सांगणार. ऑफिसला जायच्या आधी.

२४ नोव्हेंबर. सकाळी ८.००

ते दाढी करत होते. दाढी करताना माणसाला धक्का देऊ नये.

२४ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.४५

जेवताना नको, ठसका लागेल.

उद्या नक्की. सांगायचे मुद्दे कागदावर उतरवले. मुद्दा तीन (डॉक्टर, कॅलेंडर) कसा मांडावा हे ठरेना. 'त्या वेळी मी उपस्थित होते' असं लिहिलं. खोडलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६.१५

आईला सांगून बघितलं, सराव म्हणून. आई तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ... आणि म्हण अर्ध्यावर सोडून परत तांदळाकडे वळली. पूर्ण म्हटली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, माणूस आठ दिवस पहाटे साडेतीनला उठून पायरीवर बसतोय. समोरच्या गल्लीतले दिवे मोजतो. रोज अकरा येतात. तरी त्याला वाटतं आपलं मोजायचं चुकतंय.

पायरीवर गेले, अण्णा आताही तिथेच होते. मुद्द्यांचा कागद आत राहिला. सगळं उलटसुलट सांगितलं, आधी कॅलेंडर, मग पट्ट्या, मग प्रश्न नऊ. मध्ये रडले, त्यामुळे प्रश्न नऊ दोनदा सांगावा लागला.

अण्णांनी समोरचे दिवे परत मोजले. मग एवढंच विचारलं, म्हणजे खांब मी नाही ठोकला?

मी म्हटलं, नाही अण्णा. मी ठोकला.

त्यांनी श्वास सोडला. बसल्याबसल्या दोन बोटं उंच झाल्यासारखे वाटले. मी विचारलं, खटका फिरवल्याचं तुम्ही बोलला का नाहीत? म्हणाले, तू शिकवत होतीस. शिकवणाऱ्याच्या मध्ये बोलू नये. आणि मला वाटलं, पट्ट्या म्हणजे वरून आणखी काहीतरी पुस्तकातलं असेल.

प्रश्न नऊबद्दल ते काहीच म्हणाले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ५.००

ऑफिसातून अर्धी सुट्टी. अण्णांना घेऊन परत डॉक्टरकडे. काउंटरवर तीच. खोलीत चार माणसं बसलेली. घरून वाक्य पाठ केलं होतं. तिने विचारलं, परत कशाला आलात? मी वाक्य विसरले आणि जरुरीपेक्षा फार मोठ्याने म्हणाले, माझ्या वडिलांना अक्षरं वाचता येत नाहीत, डोळे चांगले आहेत, त्या दिवशी मी बोलले नाही.

चारही माणसं कॅलेंडरकडे बघायला लागली. त्या धबधब्याचं काम बरंच असतं.

ती म्हणाली, एवढंच ना, अगं मग तेव्हाच सांगायचं, दुसरा तक्ता असतो की! माझ्या आजीला तोच लावतात. आणि फाइल काढायला वळली. एवढंच.

दुसरा तक्ता काट्यांचा आहे. तीन दातांचे काटे, कोणाचे दात वर, कोणाचे खाली, डावीकडे, उजवीकडे. हाताने दिशा दाखवायची. अण्णा ताठ उभे राहिले आणि हात हलवायला लागले, चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखे. वर. डावीकडे. खाली. उजवीकडे. शेवटची ओळ झाली. डॉक्टरांनी तक्त्याच्या खालचं, छापखान्याने टाकलेलं ठिपक्याएवढं चिन्ह दाखवलं. अण्णा म्हणाले, ते काटा नाही, ते फूल आहे. पाच पाकळ्या. मग अंधारी खोली, डोळ्यांत थेंब, यंत्र. रातांधळेपणा नाही. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, एकसष्टाव्या वर्षी असे डोळे मी बघितले नाहीत.

मग मला म्हणाले, तुम्ही सारखे डोळे बारीक का करता? उभ्या राहा बघू.

मी म्हटलं, माझं काही नाही, वाचनाने थोडं डोकं दुखतं.

पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीत जरा थांबले. चौथीत काटे नव्हतेच, मुंग्या होत्या. मी मुंग्यांकडे बघत उभी. तेवढ्यात मागून, अगदी हळू, वर्गात मागच्या बाकावरून सांगतात तसं ऐकू आलं: मास्तरीणबाई, उजवीकडे.

मी उजवीकडे म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, मागून सांगू नका.

दोन्ही डोळ्यांना नंबर आहे. लहान नाही. डॉक्टरांच्या मते निदान चार-पाच वर्षांपासून असणार. म्हणजे बोर्डांना पातळ रंग नव्हता. अण्णा बाहेर येईपर्यंत हसू दाबत होते. पायरीवर म्हणाले, आणि तू मला बोटं किती विचारत होतीस!

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ३.३०

शाळेत जाऊन दुरुस्तीचा अर्ज दिला. बाईंनी कारण विचारलं, लेखी. लिहिलं: 'प्रश्न क्रमांक नऊचे उत्तर चुकीचे आहे. शंका घेणाऱ्या व्यक्तीचीच दृष्टी तपासली असता तीत दोष आढळला.' बाईंनी दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

मग म्हणाल्या, पण जागा मंगळवारी भरली. अर्जावर 'हो' होतं ना. आम्ही थांबलो नाही.

मंगळवारी. मी सोमवारी सकाळी सांगणार होते. ते दाढी करत होते.

बुधवारी मूळ चालकाची सुट्टी असते. त्या दिवशी बदली म्हणून अण्णांना घेतील. आठवड्यातून एकदा. अण्णा म्हणाले, बुधवार चांगला वार आहे. मी जरा फरशी मोजली.

शाळेच्या व्हरांड्यात ते एका खांबापाशी थांबले आणि म्हणाले, पावाचा ट्रे इथे ठेवायचो. मधल्या सुट्टीत तुझा वर्ग दिसायचा, तू पहिल्या बाकावर. मी म्हटलं, पहिल्या बाकावरून फळा नीट दिसायचा. म्हणून.

२८ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.१०

एक शेवटची नोंद.

परत येताना साडेपाच झाले. अंधार. नियम मोडून गाडीने आलो, नियम मीच रद्द केला. आई मागे, मांडीवर बाजारातून घेतलेली अंडी. दिवे आता बरोबर आहेत. रस्ता दूरपर्यंत दिसत होता, डावीकडचा गवताचा काठसुद्धा. म्हणजे अण्णांना. माझा चष्मा मंगळवारी मिळणार.

नेहमीचा रस्ता खोदलेला होता, म्हणून दुसरीकडून वळवला होता. पुढे नवीन पिवळा बोर्ड. मी म्हटलं, अण्णा, मला अक्षर दिसत नाही. ते म्हणाले, मला दिसतंय, थांब. आकडा, शेजारी काठी, वर पत्रा. मी म्हटलं, ग. ते खूश झाले. म्हणाले, हा तर आपल्या ओळखीचा, तक्त्यावरचा. पुढे? पुढे एक काठी, तिच्या डोक्यावर छत्रीची मूठ, आणि मूठ पलीकडच्या काठीवर टेकलेली. त्या काठीला डावीकडे एक शेपूट. मी म्हटलं, ति. गति! गति म्हणजे वेग. वेगाबद्दल काहीतरी आहे, अण्णा, पुढचं सांगा.

अण्णा माझ्यासाठी मान वर करून बोर्डाकडे बघत होते. मीही बोर्डाकडे बघत होते. रस्त्याकडे कोणीच बघत नव्हतं.

गाडी हातभर उडाली. माझं डोकं छताला. मागून आईचा आवाज आणि अंड्यांचा.

अण्णांनी गाडी कडेला घेतली. मग ते म्हणाले, झालं, आता पुढचं वाचायला नको.